रक्तात काय असतं?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका पोराचा फोटो आला. जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा असेल. पार्किंगमधून सायकल नेताना सापडला म्हणे. वर लिहिलं होतं 'चेहरा ओळखून ठेवा', आणि खाली एका चांगल्या शिकल्यासवरलेल्या गृहस्थांनी भर घातली, 'या लोकांच्या रक्तातच असतं.' त्यावर अंगठ्यांची रांग. अल्पवयीन मुलाची ओळख अशी उघड करायला कायद्याने बंदी आहे, असं मी लिहिलं. उत्तर आलं, 'मग तुम्हीच न्या घरी सांभाळायला.'

संताप झालाय, म्हणून इथे लिहितेय.

रक्तात! १८७६ साली लोम्ब्रोझो नावाचा इटालियन डॉक्टर कवट्या आणि जबडे बघून जन्मजात गुन्हेगार ओळखायला निघाला होता. त्याच्याही पाच वर्षं आधी इंग्रजांनी आपल्याकडे थेट कायदाच केला आणि जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवून टाकल्या. त्यांच्यात जन्मलेलं मूलही गुन्हेगार. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तरी चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायची सवय गेली का? आणि आमच्या ग्रुपवर तर १८७१ सालच अजून चालू आहे.

शाळेत माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याचे वडील तुरुंगात होते आणि ते सगळ्यांना माहीत होतं. सहलीचे पैसे गोळा झाले होते, ते बाईंच्या टेबलावरून नाहीसे झाले. दप्तर कुणाचं उघडलं असेल? फक्त त्याचं. सगळ्या वर्गासमोर. त्यात काही निघालं नाही. पुढे पैसे हजेरीपटाच्या मागे सापडले, पण ते वर्गाला कुणी सांगितलंच नाही. त्यानंतर कंपासपेटी हरवली तरी माना त्याच्याकडे वळायच्या.

लेमर्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये हेच लिहून ठेवलंय. माणसाची पहिली चूक किरकोळ असते, पुष्कळांकडून होते आणि विरूनही जाते. लोक त्याला 'चोर' म्हणून वागवायला लागले की तो हळूहळू ती भूमिका घेतो, आणि पुढचे गुन्हे त्या भूमिकेतून येतात. बेकर या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हा विचार आणखी पुढे नेला. माझ्या बाकावरच्या मुलाने तर पहिली चूकही केली नव्हती. त्याची शाळा कायमची सुटली, तो वयाने मोठ्या पोरांत बसायला लागला, आणि काही वर्षांनी खरोखरच चोरीत सापडला. तेव्हा सगळे म्हणाले, बघा, आम्ही म्हणतच होतो!

हो, त्याच परिस्थितीतली बहुतेक मुलं चोरी करत नाहीत. मान्य. ज्याची सायकल जाते त्याचं नुकसानही खरं आहे. पण शिकागोत शॉ आणि मॅके या संशोधकांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा काय दिसलं? काही वस्त्यांत राहणारे लोक बदलले, एका देशातून आलेले गेले आणि दुसऱ्या देशातले आले, तरी पोरांच्या गुन्ह्यांचं प्रमाण चढंच राहिलं. रक्त बदललं, वस्ती तीच होती. आता सांगा. मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये मांडलं होतं की पैसा आणि यश मिळवा असं समाज सगळ्यांनाच सांगतो, पण तिथवर जायचे सरळ रस्ते मोजक्यांच्याच वाट्याला येतात. जाहिरात त्या पोराच्याही फोनवर येते ना?

आणि सुशिक्षित गृहस्थांनो, सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं काय करायचं? त्याने अमेरिकेतल्या ७० बड्या कंपन्यांचा इतिहास तपासला आणि त्यांच्याविरुद्धचे ९८० निकाल मोजले. खोट्या जाहिराती, मक्तेदारी, कामगारांशी बेकायदा वर्तन. १९४९ मध्ये पुस्तक निघालं, पण बदनामीच्या खटल्याच्या भीतीने त्यातून कंपन्यांची नावं गाळावी लागली. नावांसकट ते छापलं गेलं १९८३ मध्ये! सदरलँड तोवर हयातही नव्हता. कंपन्यांच्या अब्रूची एवढी काळजी, आणि एका सायकलसाठी पोराचा चेहरा मिनिटभरात शेकडो फोनांवर. त्या मालकांचं रक्त तपासा असं कुणी म्हणालं का?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. माणूस गुन्हा का करतो, यापेक्षा बाकीचे का करत नाहीत हे विचारा, असं हर्शी या समाजशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये म्हटलं. त्याचं उत्तर होतं नाती: घराशी, शाळेशी, कामाशी बांधलेलं असणं. माझ्या बाकावरच्या मुलाचा शाळेशी असलेला धागा त्या दिवशी भर वर्गात तोडला गेला. धागा पुन्हा जुळतो हेही खरं आहे. सॅम्पसन आणि लाउब या संशोधकांनी सुधारगृहातून गेलेल्या मुलांची पुढची आयुष्यं अभ्यासली, तेव्हा स्थिर नोकरी आणि चांगला संसार मिळालेले पुष्कळ जण त्या वाटेवरून परतलेले दिसले.

माझ्या बाकावरचा तो मुलगा आता तुरुंगातून सुटून आलाय. आत सुतारकाम शिकला, हात चांगला आहे. गेल्या महिन्यात भेटला तेव्हा सांगत होता की काम बघून लोक हो म्हणतात, आणि मधली वर्षं कुठे होतास असं विचारलं की फोन उचलायचं बंद करतात. माझ्या यादीत फर्निचरचं काम करणारे, इंटिरियरवाले बरेच जण आहात. कुणाकडे काम असेल तर मला मेसेज करा. जामीन मी राहते.