'देवाला कोणी पाहिलं?' : ग्रुपवर फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

महिनाभरात एकच मजकूर मला चार ग्रुपवरून आला. एक गल्लीचा, एक कॉलेजच्या मैत्रिणींचा आणि दोन आमच्या चर्चच्या मंडळीतल्याच लोकांचे. मजकूर थोडक्यात असा: 'बायबल एकीकडे म्हणतं, देवाला कोणीही कधीच पाहिलं नाही. दुसरीकडे अब्राहाम देवाला जेवू घालतो, याकोब त्याच्याशी झोंबी खेळतो, मोशे त्याची पाठ पाहतो. म्हणजे यातलं एक खोटं. मुळात यहुद्यांचा देव हातापायांचा माणूसच होता. अदृश्य देव आणि दिसणारा पुत्र, म्हणजे येशू, ही सारवासारव 325 साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत झाली. ही वचनं चर्चमध्ये लोकांपासून लपवतात.'

मी कोल्हापुरात बावीस वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवते. दहा-बारा वर्षांची पोरं यातला पहिला प्रश्न दरवर्षी विचारतात आणि तो प्रश्न चांगला आहे. मजकुरातली वचनंही खरी आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि तो का नाही हे नीट सांगायला हवं.

विसंगतीचा पुरावा म्हणून बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 33वा अध्याय पुढं केला आहे. 11व्या वचनात परमेश्वर मोशेशी समोरासमोर बोलतो, मित्र मित्राशी बोलतो तसा. 20व्या वचनात तोच म्हणतो, माझं मुख तुला पाहता येणार नाही, मला पाहून मनुष्य जिवंत राहत नाही. दोन्हींच्या मध्ये फक्त आठ वचनं आहेत. आठ वचनांपूर्वी काय लिहिलं ते लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहिलं नसेल, असं मानणं मला जड जातं. 'समोरासमोर' याचा अर्थ शास्त्रातच दुसरीकडे उलगडतो. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात 5:4, म्हणजे पाचव्या अध्यायाचं चौथं वचन, म्हणतं की परमेश्वर डोंगरावर अग्नीतून सगळ्या लोकांशी समोरासमोर बोलला. त्याच प्रसंगाबद्दल त्याच पुस्तकात, 4:12 मध्ये, लिहिलंय की तुम्ही शब्द ऐकले, पण आकृती पाहिली नाही, वाणी तेवढी होती. आकृती दिसली नाही आणि तरी बोलणं समोरासमोर झालं! म्हणजे हिब्रूतला हा शब्दप्रयोग डोळ्यांना काय दिसलं ते सांगत नाही, मध्ये कुणी मध्यस्थ नव्हता हे सांगतो. आपणही 'तोंडावर सांगितलं' म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याचं नाक-डोळे कसे होते याचा त्यात विचार नसतो.

गणना या पुस्तकात 12:8 मध्ये मोशे परमेश्वराचं स्वरूप पाहतो असंही आहे. ते वचन मी गाळणार नाही. पण ते पाहणं किती आणि कसं होतं, हे निर्गमाच्या त्याच 33व्या अध्यायाच्या शेवटी आहे. खडकाची भेग, वरून झाकणारा हात, तेज पुढं निघून गेल्यावर दिसलेली पाठ. सगळ्यात जवळ गेलेल्या माणसालाही इतकंच.

याकोबाची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, आणि मजकुरात तिचंच सगळ्यात वाईट झालंय. यब्बोक नदीच्या उतारावर, रात्रीच्या अंधारात, एक 'पुरुष' त्याच्याशी पहाटेपर्यंत झोंबी करतो. उत्पत्ती 32 मध्ये शब्द 'पुरुष' आहे. पुढं होशेय संदेष्टा (12:4) त्यालाच 'दूत' म्हणतो. याकोब नाव विचारतो, नाव मिळत नाही. उजाडायच्या आत समोरचा म्हणतो, मला जाऊ दे. आणि मग याकोब त्या जागेला पनीएल, म्हणजे देवाचं मुख, असं नाव देतो, कारण मी देवाला समोरासमोर पाहिलं आणि माझा जीव वाचला. आता एक पान पुढं जा. वीस वर्षांपूर्वी ज्याला फसवून याकोब पळाला होता, तो भाऊ एसाव त्याच सकाळी समोर येतो, धावत येऊन गळ्यात पडतो. याकोब त्याला म्हणतो, तुझं मुख पाहिलं आणि देवाचं मुख पाहिल्यासारखं झालं (33:10). रात्रीचा शब्द सकाळी भावासाठी पुन्हा येतो. इतक्या जपून रचलेल्या गोष्टीतून 'देवाला शरीर होतं' एवढीच नोंद उचलायची, तर मग ती गोष्ट वाचलीच नाही असं मी म्हणेन.

शिवाय 'माझा जीव वाचला' हे तो का म्हणतो? देवाला पाहून माणूस जगत नाही, हे त्याला ठाऊक आहे म्हणूनच ना! जळत्या झुडपापाशी मोशे तोंड झाकून घेतो. देवाचा दूत दिसल्यावर गिदोन घाबरून ओरडतो. शास्ते या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात मानोहा बायकोला म्हणतो, आपण आता मरणार, आपण देवाला पाहिलंय. त्याची बायको शहाणी. ती म्हणते, मारायचं असतं तर त्यानं आपलं अर्पण स्वीकारलं असतं का? ज्या नियमावर बोट ठेवून मजकूर या कथा खोट्या ठरवतो, तो नियम या कथांतल्या माणसांना पाठ आहे. कथांचा सगळा थरार त्यावरच उभा आहे.

देवाला हातपाय होते, या मुद्द्यात थोडं तथ्य आहे ते आधी मान्य करते. सर्वांत जुन्या कथांमध्ये देवाची कल्पना मानवी रूपातच केली होती, असं अनेक अभ्यासक म्हणतात. मम्रेच्या राईत अब्राहामाकडे आलेले तीन पुरुष दही, दूध आणि वासराचं मांस खातात, ते काही रूपक म्हणून लिहिलेलं वाटत नाही. पण दिसणं आणि असणं यात शास्त्र स्वतःच फरक करतं. यशया संदेष्ट्याला सिंहासन दिसतं आणि झग्याच्या घोळानं सगळं मंदिर भरलेलं दिसतं, चेहऱ्याचं वर्णन शून्य. यहेज्केल संदेष्टा तर शब्दामागून शब्द मागं सरकतो: परमेश्वराच्या तेजाच्या प्रतिमेचं ते दर्शन होतं. होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्यासमोरून वारा, भूकंप, अग्नी जातात आणि त्या कशातही परमेश्वर नसतो.

कोल्हापूरच्या माणसाला हा फरक समजायला फार लांब जायला नको. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव घ्या. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग वर चढत चेहऱ्यापर्यंत. गाभाऱ्यात आला तो सूर्यच, दुसरं काही नाही. तरी सूर्य आत मावला असं कुणी म्हणत नाही, आणि सूर्याकडे थेट बघवत नाही हेही खोटं ठरत नाही. माझी श्रद्धा वेगळी आहे आणि उदाहरण उदाहरणापुरतंच घ्यावं. पण इब्री लोकांस पत्राच्या सुरुवातीला पुत्राला देवाच्या गौरवाचं तेज म्हटलंय, आणि चौथ्या शतकात बिशप अथानासियसनं सूर्य आणि त्याचं तेज हाच दाखला पुन्हा पुन्हा दिला, म्हणून तो इथं घेतला.

नायसियाचा मुद्दा तारखांनीच निकाली निघतो. योहानाच्या शुभवर्तमानातलं 1:18 हे वचन मजकुरात अर्धंच दिलंय. 'देवाला कोणीही कधीच पाहिले नाही' यानंतर त्याच वचनात आहे की पित्याच्या उराशी असलेल्या पुत्रानं त्याला प्रगट केलं. 12:41 मध्ये योहान म्हणतो, यशयानं जे पाहिलं ते ख्रिस्ताचं गौरव होतं. पुढं दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक ट्रायफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहितो. मम्रेपाशी दिसला तो, झुडपातून बोलला तो, देवाचा शब्दच होता, असा त्याचा दावा आहे. हे साधारण 160 सालचं लेखन. नायसियाची परिषद त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी भरली, आणि तिथल्या विश्वासांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, मम्रे किंवा यब्बोक यांचा उल्लेखसुद्धा नाही. जस्टिनचं सगळ्यांनी मानलं असंही नाही. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीननं म्हटलं की ही दर्शनं देवदूतांच्या आणि निर्मित रूपांच्या द्वारे झाली, आणि प्रत्येक वेळी त्यातून पिता बोलला की पुत्र, हे सरसकट ठरवता येत नाही. ख्रिस्ती लोकांत या प्रश्नावर आजही मतभेद आहेत. एका परिषदेत हुकमानं गोष्ट जोडली असती तर हे वाद राहिले नसते.

राहिलं लपवण्याचं. निर्गम 24:10 मध्ये मोशे आणि सत्तर वडील डोंगरावर चढले आणि त्यांनी इस्राएलाच्या देवाला पाहिलं, असं सरळ लिहिलंय. ख्रिस्ताच्या आधी हे पुस्तक ग्रीकमध्ये नेणाऱ्यांना ते वाचून संकोच वाटला, आणि त्यांनी 'देव उभा होता ती जागा पाहिली' असं केलं. म्हणजे सौम्य करण्याचा प्रयत्न झाला होता, पण तो ग्रीकमध्ये. मराठी बायबलनं हिब्रूचा शब्द धरला. पंडिता रमाबाई 1922 साली वारल्या, तोपर्यंत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी करण्याच्या कामातच होत्या. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, त्याच्या किती तरी आधी, 1811 साली, बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठी नवा करार छापून झाला होता. 'कोणीही कधीच पाहिले नाही' आणि 'देवाला पाहिले', दोन्ही वाक्यं एकाच जिल्देत कुणालाही वाचता येतात. आमच्या घरातली प्रत आजीची आहे. निर्गम 24:10 खाली तिनं निळ्या पेन्सिलीनं रेघ मारलीय, आणि समासात योहान 1:18 असं लिहून ठेवलंय.