हाडं झिजली की चहाला धरायचं

पुन्हा तो मेसेज फिरतोय. चहा-कॉफीने हाडांतलं कॅल्शियम लघवीवाटे निघून जातं, म्हणून चाळिशीनंतर बायकांनी चहा बंद करावा. (फॉरवर्ड करणारे बहुतेक पुरुष असतात, ते असो.)

चहा-कॉफीतल्या कॅफीनमुळे कॅल्शियम जातं हे खरंच. पण किती? कपभर कॉफीमागे दोन-तीन मिलिग्रॅम. दिवसाची गरज १००० मिलिग्रॅमची. दोन-तीन चमचे दुधात तेवढं भरून निघतं. १९९४ साली अमेरिकेत पाळी गेलेल्या बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला दोन-तीन कप किंवा त्याहून जास्त कॉफीने हाडांची झीज वाढते असं त्यात दिसलं, पण ते आहारातच कॅल्शियम कमी असलेल्या बायकांमध्ये. पुरेसं खाणाऱ्यांत तो फरक दिसला नाही.

मग आपल्याकडे बघा. दूध मुलांना, दही कर्त्या माणसाला, आणि बाईच्या वाट्याला चहात पडेल तेवढं. सकाळी नाश्त्याऐवजी दोन कप चहा, की थेट दुपारी सगळ्यांचं झाल्यावर जेवण. तिचा चहा बंद केलात तर ते चमचाभर दूधही गेलं! चहा सोड म्हणण्याआधी तिच्या ताटात नाचणीची भाकरी, वाटीभर दही, तीळ येतात का ते विचारा.

दातांचंही तेच. डाग पडतात ते चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचे, कीड लागते ती साखरेने. दिवसभर घोट-घोट गोड चहा आणि वर बिस्किटं, यात कॅफीनचा काय दोष?

माझं चहाशी खरं भांडण आहे ते जेवणावरच्या कपाचं. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं पालेभाजी-डाळीतलं लोह धरून ठेवतात, ते अंगी लागत नाही. हे काम कॅफीनचं नाही, त्यामुळे दूध न घालता कोरा घेतला किंवा कॅफीन काढलेला घेतला तरी सुटका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय, जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी नको. यावर मात्र कुणी फॉरवर्ड पाठवत नाही. रक्तवाढीची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळणाऱ्या बायका मी घरोघरी पाहते. ती पाण्याबरोबर घ्या, लिंबूपाणी असेल तर उत्तम. चहा तासाभराने टाका, मलाही एक कप.