आधी मुलींना वसतिगृह द्या

मुलींचं लग्नाचं वय १८ वरून २१ करावं, असं एका लेखात वाचलं, ते मला पूर्ण पटतं. २०२१ साली लोकसभेत आलेलं तसं विधेयक बारगळलं, याचं वाईटही वाटतं. पण आमच्या कोल्हापूर भागात हंगामात उसाच्या फडावर येऊन बघा. डोक्यावर मोळी, पाचटावर झोपवलेलं तान्हं पोर आणि आईचं वय सोळा-सतरा! मुकादम, म्हणजे मजूर आणणारा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. म्हणून हे ऊसतोड मजूर जिथून येतात, तिकडं बीडकडं घाईनं लग्नं उरकतात. बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर, पण गावाशी वाकडं कोण घेणार? वय वाढवाच. मात्र आधी गावाकडं मुलींना चांगली वसतिगृहं द्या. ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीनंच आई-बाप तिला उजवून टाकतात.