पोलिना गेलमनला 'चेटकीण' म्हणू नका

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हवाई दलात फक्त बायकांची एक तुकडी होती, रात्री बॉम्ब टाकणारी ४६वी गार्ड्स नाइट बॉम्बर रेजिमेंट. तिला 'रात्रीच्या चेटकिणी' हे नाव जर्मन सैनिकांनी दिलं. आपणही ते कौतुकानं वापरतो, आणि जादूच्या नादात त्या बायकांचं गणित आणि कष्ट दोन्ही नजरेआड होतात. मला हे खटकतं.

पोलिना गेलमन या रेजिमेंटमधली ज्यू नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाला वाट दाखवणारी. जन्म १९१९चा, युक्रेनमधल्या बेर्दिचिवचा, वाढली बेलारूसमधल्या गोमेलमध्ये. उंची कमी म्हणून तिला वैमानिक होऊ दिलं नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा ती मॉस्को विद्यापीठात इतिहास शिकत होती. १९४१ संपेपर्यंत बेर्दिचिव आणि गोमेल, दोन्हीकडच्या ज्यूंची नाझींनी सामूहिक कत्तल केली होती. मे १९४२मध्ये ती आघाडीवर गेली ती हे मागे ठेवून.

त्यांचं पो-२ म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं दुपंखी विमान. पुढे वैमानिक, मागे नॅव्हिगेटर, दोघी उघड्यावर. रेडिओ नाही. १९४४पर्यंत पॅराशूटसुद्धा नाही. होकायंत्र, घड्याळ आणि नकाशा यांवर सगळी भिस्त. हिशेब करून बघा: विमानाचा वेग ताशी १०० किमी, लक्ष्य २० किमीवर, म्हणजे १२ मिनिटं. बाजूनं सेकंदाला १० मीटर वारा असेल आणि तो धरला नाही, तर विमान ७ किमी भरकटतं. म्हणून नाक सुमारे २१ अंश वाऱ्याकडे वळवून ठेवायचं, तेही अंधारात, थंडीनं बोटं बधिर झालेली असताना. शिवाय प्रकाशगोळे हातानं बाहेर टाकायचे, त्यांच्या उजेडात लक्ष्य हेरायचं.

'इंजिन बंद करून यायच्या' असं सर्रास लिहिलं जातं. बंद नाही, थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा दांडा) मागे ओढून मंद केलेलं. पो-२चं एम-११ इंजिन जमिनीवर पंखा हातानं फिरवून सुरू करायचं. शत्रूच्या डोक्यावर ते थंड पडलं तर उतरायचं कुठे? घसरत खाली यायचं, बॉम्ब सोडायचे, थ्रॉटल पुढे. फार खाली आलं तर स्वतःच्याच बॉम्बचे तुकडे विमानाला लागतात.

३१ जुलै ते १ ऑगस्ट १९४३च्या रात्री दक्षिण रशियातल्या कुबानमध्ये जर्मनांचे झोतदिवे लागले, पण विमानविरोधी तोफा गप्प राहिल्या. त्या शांततेतच धोका होता, कारण वर जर्मन लढाऊ विमान फिरत होतं. झोतात सापडलेलं कापडी विमान कापरासारखं पेटतं. एका रात्रीत चार विमानं गेली, आठ जणी गेल्या. त्यांत पोलिनाची गोमेलमधली मैत्रीण गाल्या दोकुतोविच होती. युद्धानंतर पोलिनानं मुलीचं नाव गालिना ठेवलं.

एका रात्रीत आठ-दहा फेऱ्या व्हायच्या त्या जमिनीवरच्या मुलींच्या जोरावर. एक गट विमान धरायला, एक इंधनाला, एक बॉम्बला. काही मिनिटांत विमान पुन्हा वर. २५, ५०, १०० किलोचे बॉम्ब त्या हातांनी उचलून पंखाखाली लावायच्या, चिखलात गुडघे टेकून. बॉम्बचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, हातमोज्यानं बसत नाही, म्हणून हिवाळ्यातही बोटं उघडी.

पोलिनानं ८६० उड्डाणं केली. १५ मे १९४६ रोजी तिला 'सोव्हिएत संघाची वीर' हा किताब मिळाला, आणि तो तिच्या हक्काचाच होता. पण या रेजिमेंटमध्ये तो मिळालेल्या सगळ्या जणी वैमानिक किंवा नॅव्हिगेटर आहेत. बॉम्ब उचलणारी त्यांत एकही नाही.