कागद आहेत, आणि ते गावातच आहेत

वऱ्हाडातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. गावातली शिकलेली माणसंही तो मान डोलावत पुढे पाठवतात, म्हणून हे उत्तर. मजकुराचा आशय असा: विदर्भाला स्वतःचा लिखित इतिहास नाही, नागपूरकर भोसले येईपर्यंत इथे नुसतं रान होतं. पुढे जे कागद झाले ते इंग्रजांनी नेले. उरलेसुरले मोडीत आहेत, ते वाचणारा कोणी राहिला नाही. तेव्हा जुनी दफ्तरं सांभाळून उपयोग नाही, आणि फाटकी पोथी तर घरात अशुभ, ती नदीत सोडावी.

पहिल्या दाव्यापासून सुरुवात करू. भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकातला. त्याच्या तेराशे वर्षं आधी, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने अचलपूरजवळचं चम्मक हे गाव हजार ब्राह्मणांना दान दिलं आणि ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरून दिलं. दान आहे, पण आंधळं नाही. राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही, शेजारच्या गावांना उपद्रव द्यायचा नाही. असं केलं तर राजा जमीन परत घेईल आणि ती चोरी ठरणार नाही, अशी अट त्यातच लिहिलेली आहे. गावात सैनिकांनी शिरायचं नाही, वेठ घ्यायची नाही. चराई, कातडी, कोळसा, मीठ यांचेही उल्लेख त्यात येतात. त्या काळी सरकार गावाकडून काय काय उकळत होतं, याची ती यादीच आहे. जिथे नुसतं रान आहे तिथे वेठीची माफी कोण कोणाला देणार?

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरलाही ताम्रपट सापडला. तो प्रभावतीगुप्तेचा. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची राणी. नवरा गेल्यावर मुलं लहान असताना तिने राज्य चालवलं, आणि हे दान तिने रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी, म्हणजे आपल्या रामटेकहून, स्वतःच्या नावाने दिलं. हे सगळे लेख इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी नागपुरात बसून वाचले आणि १९६३ साली एका खंडात छापलेही.

त्याच रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटाने लीळाचरित्र सिद्ध केलं, इ.स. १२७८ च्या सुमारास. मराठीतला आद्य चरित्रग्रंथ म्हणून त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यामागचं काम फार थोड्यांना. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांना ज्यांनी पाहिलं, ऐकलं, अशा माणसांकडे जाऊन त्याने आठवणी गोळा केल्या. पुढे मूळ पोथी खालशाच्या, म्हणजे दिल्लीच्या सुलतानी फौजेच्या, धाडीत गेली आणि शिष्यांनी पाठांतरावरून ती पुन्हा उभी केली. असं करताना ज्याचं म्हणणं वेगळं होतं त्याचा ‘शोधु’, म्हणजे त्याचा वेगळा पाठ, नावानिशी टिपून ठेवला. इतिहास लिहिणाऱ्याची याहून मोठी सचोटी मला माहीत नाही. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचं चरित्रही याच मातीतलं. ते मातंगांच्या वस्तीत जात, लोक त्याला काय म्हणत, हे सारं त्यात येतं. रिद्धपूरची माणसं, त्यांची भांडणं, त्यांचं खाणंपिणं, सातशे वर्षांपूर्वीच्या त्यांच्या बोलण्यासकट कागदावर आहे. महाराष्ट्रातल्या किती गावांना असं म्हणता येईल?

आता ‘इंग्रजांनी कागद नेले’. नागपूरच्या रेसिडेन्सीचे, म्हणजे भोसल्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज वकिलाच्या कचेरीचे, कागद इंग्रजांचे होते, ते त्यांच्या दफ्तरात गेले, त्यात नवल नाही. पण वऱ्हाडावर दुअमल होता, निजामाचा आणि भोसल्यांचा. महसुलाचे कागद हैदराबादेत तयार झाले, राजकारणाची पत्रं पुण्यात गेली. नाना फडणिसांच्या मेणवलीच्या दफ्तरात नागपूरविषयीची मराठी पत्रं निघाली आणि ती इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९५४ पासून दोन खंडांत छापली. आपले कागद कोणी पळवले नाहीत, ते तीन-चार शहरांत विखुरले. बुलढाण्याच्या बाजूचे यादव माधव काळे यांनी असे कागद जमवत जमवत वऱ्हाडचा इतिहास लिहिला, तोही १९२४ साली.

मोडी वाचणारा कोणी नाही, हे तर सरळ खोटं आहे. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. रोज तास-दीड तास बसलं तर काही महिन्यांत साधं खरेदीखत वाचता यायला लागतं. महानुभावांची सकळ लिपी मोडीहून अवघड, मुद्दामच कोड्यात लिहिलेली. तिचीही किल्ली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधली. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि मलकापूरकडचे वि. भि. कोलते यांनी त्या पोथ्यांवर जन्म घालवला.

‘उपयोग नाही’ म्हणणाऱ्याने पूर्व विदर्भातल्या एखाद्या गावात जाऊन विचारावं. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारांकरवी सारावसुलीच्या, काळातलं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटीच्या नोंदी) म्हणजे गावाचा हक्क: जळणाचं लाकूड कुठून घ्यायचं, गुरं कुठे चारायची, तलावाचं पाणी कोणाला. सामूहिक वनहक्काच्या दाव्यात निस्ताराची नोंद पुरावा म्हणून पुढे येते. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, तेव्हापासून या कागदांचं मोल गडचिरोलीत समजावून सांगावं लागत नाही. जातपडताळणीसाठी आजोबांची कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली, नोंद शोधत तहसिलीत हेलपाटे घालणाऱ्यांनाही ते कळतं.

राहिला अशुभाचा मुद्दा, आणि माझा जीव इथेच तुटतो. बाकीच्या चुका पुस्तक उघडून दुरुस्त होतील. वर्धेत किंवा पूर्णेत सोडलेली पोथी परत येत नाही. ज्या महानुभावांनी धाडीत गेलेला ग्रंथ आठवून आठवून परत लिहिला, त्यांच्याच प्रदेशात आपण आपल्या हाताने पोथ्या बुडवायच्या? आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या बासनात बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवल्या. त्यांना कधी अशुभ वाटलं नाही.

घरात असं काही असेल तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका; आत ओल धरते. कोरड्या सुती कापडात सैल बांधा आणि भिंतीपासून दूर ठेवा. प्रत्येक पानाचा, कोऱ्या मागच्या बाजूचासुद्धा, उजेडात फोटो काढा, कारण तारीख आणि शिक्का पुष्कळदा मागेच असतो. पानं सुटी झाली असतील तर आहे तोच क्रम राहू द्या. द्यायचीच असली तर नागपूरचं पुराभिलेखागार आहे, यवतमाळची शारदाश्रम ही संशोधन संस्था आहे. देताना पोच मागून घ्या. आणि तो मजकूर तुमच्या ग्रुपवर आला, तर त्याखाली आपल्या घरच्या एका कागदाचा फोटो टाका.