मागचा नट

आमच्या कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, एक फर्ग्युसन ट्रॅक्टर आहे. राखाडी रंगाचा, म्हणजे होता, आता त्याच्यावर कबुतरांनी आपल्या परीनं रंगकाम केलंय. विलायतेत कोव्हेंट्रीला 1946 ते 1956 या काळात असे पाच लाखाच्या वर बनले, त्यातला एक फिरत फिरत आमच्या आर्वी तालुक्यात आला आणि आबाजीनं तो सेकंडहँड घेतला. डिझेलवाला नाही बरं. पेट्रोलवर सुरू करायचा, इंजिन तापलं की कॉक फिरवून घासलेटवर न्यायचा, आणि बंद करायच्या आधी आठवणीनं पुन्हा पेट्रोलवर आणायचा, नाहीतर इंधनाच्या वाटीत घासलेट राहते आणि सकाळी गार इंजिन काही केल्या पेटत नाही. आबाजी नातवांची नावं अदलाबदल करायचे पण कॉक फिरवायचं कधी चुकले नाहीत. बाबांच्या हातातही तीच सवय उतरली.

आता घासलेट कुठं मिळते? म्हणून हा म्हातारा वर्षातून एकदाच, पोळ्याला, पेट्रोल पिऊन बैलांच्या मागं उभा राहते. यंदा पोळा तीन दिवसांवर आला आणि हा उठेचना. कारबेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात, कचरा बसला होता. (कार्बुरेटर म्हणणारा माणूस आमच्या गावात नाही, आणि म्हणाला तर त्याला कोणी पाना देणार नाही.) काढायला मला वीस मिनिटं लागली. तिथंच मी फुगलो. वाटी धुतली, जेट फुंकून साफ केला, तार घातली नाही कारण भोक मोठं झालं की पेट्रोल प्यायची सवय लागते, आणि सगळे बारके पार्ट आईच्या परातीत मांडून ठेवले.

मग बसवणं सुरू झालं. हा कारबेटर इंजिनाच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली लटकते, हवा खालून वर जाते. दोन स्टड, दोन नट. पुढचा नट गरीब आहे. मागचा नट दिसत नाही, नुसता बोटाला लागते, आणि माप इंची, म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर, म्हणून बारा नंबरचा पाना चढत नाही आणि तेरा नंबरचा ढिला बसते. त्यात कारबेटर पूर्ण वर नेला तर नट घालायला फट राहत नाही, खाली ठेवला तर स्टड पोचत नाही, मग एका हातानं तो अर्धवट उचलून धरायचा, दुसऱ्या हातानं नट लावायचा आणि तिसऱ्या हातानं डास मारायचे. बोटाच्या टोकाला ग्रीस लावून त्यावर नट चिकटवला, हळूच आत नेला, स्टडला टेकवला, अर्धा आटा धरला असं वाटलं, आणि टण्ण. खाली कुटार, म्हणजे गुरांचा भुसा. कुटारात नट शोधायचा म्हणजे स्पीकरचा लोहचुंबक घेऊन दंडवत घालायचा. मी अकरा वेळा घातला.

सल्ला द्यायला मोठे काका आले. "काऊन बे, आबाजीनं तं अंधारात बसवला अस्ता." मग आतेभाऊ आला. एकही माणूस खाली झोपला नाही. मोबाईल हातात होता म्हणून वाचलं, तर एडमंड हिलरी असेच फर्ग्युसन ट्रॅक्टर पट्टे लावून 4 जानेवारी 1958 ला थेट दक्षिण ध्रुवावर घेऊन पोचला. माझा कोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत येत नव्हता.

पोळ्याच्या दिवशी दुपारी नट बसला. कॉक उघडला तर पेट्रोल कारबेटरच्या तोंडातून धो धो. फ्लोटची सुईच नव्हती! ती वाटीत येणारं पेट्रोल अडवते, एवढीशी असते. आईला विचारलं.

"परात पायजे होती न मले पुरणाले. तुहं लोखंड डब्यात टाकलं."

"कोणत्या डब्यात?"

"आता सणाच्या दिवशी मी डबे मोजू काय?"

सुई मोहरीच्या डब्यात निघाली. म्हणजे मागचा नट पुन्हा काढायचा. मी खाली पडलेला, आणि मारुतीच्या पारावरून पोट्ट्यांच्या झडत्या, म्हणजे पोळ्याची जोडगाणी, ऐकू येत होत्या, त्यातली एक खास माझ्यासाठी:

"नट गेला कुटारात, पाना गेला पोत्यात,
भाऊचा ट्रॅक्टर रुसला कोठ्यात,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

पोळा फुटला, बैल घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, घ्यायला गेले, तेव्हा कुठं माझा नट आवळला गेला. बाबा गादीवर बसले. या ट्रॅक्टरला स्टार्टरचं बटन नाही, गिअरचाच दांडा एस वर नेला की सेल फिरते. फिरला. खोकला. एक निळा धूर सोडला आणि भडभडभड सुरू! आईनं पुरणपोळी ओवाळली, काकांनी जणू स्वतःच बसवल्यासारखा मिशीवर हात फिरवला, आणि आम्ही ऐटीत पाराकडे निघालो. इंजिन मस्त तापलं. बाबांनी खाली वाकून कॉक घासलेटवर फिरवला.

त्या टाकीत घासलेट शेवटचं आबाजीनं भरलं होतं.

अर्ध्या मिनिटात, भर चौकात, सगळ्या गावासमोर ट्रॅक्टर गप्प. बाबा कॉककडे पाहिनात. माझ्याकडे पाहत म्हणाले, "मागचा नट ढिल्ला राह्यला असन पाय."