कमानीच्या आधी ट्रंक उघडा

गावातला एखादा जुना फौजी गेला की कोकणात एक वाद हमखास सुरू होतो आणि फोनवरून तो इथे ब्रिटनपर्यंत पोहोचतो. रस्त्यावर त्याच्या नावाची कमान उभारायची की नाही? एक बाजू म्हणते, लढाईत पडला नाही, घरी म्हातारपणाने गेला, मग कमान कशाला? आजोबा दुसऱ्या महायुद्धातले असतील तर आणखी एक वाक्य येतं: ते तर इंग्रजांचे चाकर होते. तेराव्यापर्यंत हिरिरीने बोलणं होतं, मग चाकरमानी मुंबईला परततात. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक कुणी उघडलेली नसते.

‘इंग्रजांचे चाकर’ हे वाक्य मला फार लागतं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढला. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये तो सेक्शन कमांडर होता. जवळून सुरू झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. तो एकटा त्या मोर्चावर धावून गेला, हातबॉम्ब टाकला, टॉमीगनचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून ती उलटी धरून दस्त्याने झुंजला आणि मोर्चा घेतल्यावर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडला. वय अवघं २२. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्याच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं. त्या डोंगरातल्या लोकांना तो कुणाचा चाकर होता हा प्रश्न पडला नाही. एकपिकी भातशेतीच्या कोकणात तेव्हा तरुण पोरापुढे गिरणी, बोट किंवा पल्टण एवढेच मार्ग असायचे. त्याने पल्टण निवडली म्हणून आज त्याच्याकडून खुलासा मागण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तरी इथलं, ब्रिटनमधलं, सगळं आदर्श आहे, असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी इथल्या गावोगावच्या स्मारकांपाशी माणसं जमतात, नावं वाचली जातात, दोन मिनिटं शांतता पाळली जाते. पण युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्याच अहवालात कबूल केलं, की पहिल्या महायुद्धातल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावं कोरलीच गेली नाहीत. त्यांत बहुतेक पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तमधले लोक होते. शिवाय इथल्या स्मारकांवर असतात ती मेलेल्यांची नावं. युद्धातून परत आला आणि पुढे साठ वर्षं जगला तो इथल्या दगडावर नाही आणि आपल्या कमानीवरही नाही.

त्या साठ वर्षांचं मोल कोकणाने तर ओळखायलाच हवं. दापोलीला अजून काँप, म्हणजे कॅम्प, म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तिथे लष्करी पेन्शनरांची वस्ती होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पल्टणीतून निवृत्त होऊन दापोलीत राहिले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू-बोलू लागले. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही वर्षं दापोलीत होते; त्यांचा लहानगा मुलगा भीमराव तिथे वाढत होता. पेन्शनरांच्या ओटीवर काय घडू शकतं, याचा याहून मोठा दाखला नको. म्हणून १९६५ किंवा १९७१ लढलेल्या आजोबांची थोड्या दिवसांची लढाई लिहायची आणि नंतर त्यांनी वाडीतल्या कुणाकुणाचे अर्ज लिहून दिले, नातवंडांना पाढे कसे शिकवले, शाळेच्या बुटांना पॉलिश कसं करायला लावलं हे सोडून द्यायचं, तर माणूस अर्धाच उरतो.

तर मे महिन्यात गावी जाल तेव्हा आधी ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मेडलं, पत्रं, ग्रुप फोटो एवढं बहुधा सापडतं. सर्वांत आधी आर्मी नंबर उतरवून घ्या. नावावर विसंबू नका. इंग्रजी स्पेलिंग कारकुनागणिक बदलतं, सावंत ‘व्ही’नेही लिहिला जातो आणि ‘डब्ल्यू’नेही, काहींच्या नोंदीत आडनावच नसतं, फक्त स्वतःचं आणि बापाचं नाव. जन्मतारीखही अंदाजाने घातलेली असू शकते. १ जून दिसली तर ती मास्तरांची तारीख समजा. जिल्ह्याचा घोळ सर्वांत मोठा. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये झाला, त्याआधी तो भाग रत्नागिरीत होता. रायगड तेव्हा कुलाबा होता. आणि १९४८ पूर्वीचा सावंतवाडीचा किंवा मुरुड-श्रीवर्धनचा माणूस संस्थानचा रहिवासी म्हणून नोंदलेला असतो. आजच्या जिल्ह्याच्या नावाने शोधलंत तर नोंद सापडणार नाही, आणि मग लोक म्हणतात रेकॉर्ड जळालं. नंबर हाती असेल तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानासाठी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र जातं. पल्टण दुसरी असेल तर तिच्या रेकॉर्ड ऑफिसला. पत्र कसं लिहायचं हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

स्वतंत्र भारताच्या मेडलांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. ब्रासो किंवा चिंच लावून ती घासली की नेमकी ती अक्षरं झिजतात. कोरड्या सुती कापडाने पुसा आणि सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

कागदांचं सर्वांत जास्त नुकसान प्रेमापोटी होतं, आणि त्याचं नाव लॅमिनेशन. डिस्चार्ज बुकचं पान गरम रोलरमधून काढलं की प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं. जुनी शाई उष्णतेने फिकी पडू शकते आणि आपल्या हवेतला ओलावा आतच कोंडतो. ते परत सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो. गंजलेल्या टाचण्या काढा, पानं सपाट करा, ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि प्रत तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक गावाबाहेर. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडच्या घरांत पाणी शिरलं तेव्हा एकाच कपाटात ठेवलेलं सगळं एका रात्रीत गेलं. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट, फ्लॅश बंद करून, बाजूच्या उजेडात त्याचा फोटो घ्या. भिजलेले कागद उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरे कागद घालून वाळवा.

आजोबा हयात असतील तर कागदांपेक्षा त्यांचा आवाज आधी. १९७१ ला विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहे. सकाळच्या चहानंतर अर्धा तास, त्याहून जास्त नको. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर त्यांच्यापासून हातभर अंतरावर. पावसात कौलांच्या किंवा पत्र्याच्या घरी हे जमतच नाही, म्हणून मे किंवा दिवाळी. सुरुवातीला तारीख, गाव आणि नाव स्वतः बोला. तोफखान्यातल्या कित्येकांचा एक कान गेलेला असतो. ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूला बसा.

बिघडतं कुठे, तर दोन ठिकाणी. मुलगा शेजारी बसून वडिलांच्या वतीने उत्तरं देतो, आणि कुणीतरी ‘किती मारले?’ विचारतो. त्या प्रश्नाने म्हातारा गप्प होतो तो त्या दिवसापुरता तरी. १९६५ आणि १९७१ एकमेकांत मिसळले तर दुरुस्त करू नका. नकाशा समोर ठेवा, ते स्वतः बोट ठेवतील. मुलाला न सांगितलेलं नातीला सांगतात, हे फौजींच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा विचारायला नातीला बसवा.

आणखी एक काम, भावनेचं नाही पण आजीच्या पोटाचं. पीपीओवर आजीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का बघा. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे असं असलं तर फॅमिली पेन्शन अडकते. रेकॉर्ड ऑफिसकडून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा आदेश, काढून ती दुरुस्ती आजोबा हयात असतानाच करणं सोपं जातं, कारण सही त्यांची लागते.

हे सगळं झाल्यावर कमान उभारायची असेल तर खुशाल उभारा. तिच्यावर नुसतं ‘वीर जवान’ नको, नंबर, पल्टण आणि भरती झाल्याचं साल घाला. त्याआधी नातीने आजोबांना विचारायचे पहिले प्रश्न असे: बराकीत तुमच्या शेजारच्या खाटेवर कोण झोपायचं? त्याचं गाव कोणतं? त्याच्या घरी आता कोण आहे?